दीनानाथ दलाल
दीनानाथ दामोदर दलाल (जन्म : ३० मे १९१६, मडगाव, गोवा, मृत्यू : १५ जानेवारी १९७१) हे मराठी चित्रकार, मुखपृष्ठकार व संपादक होते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी 'दलाल आर्ट स्टुडिओ' स्थापन केला आणि १९४५ मध्ये 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला.

मुखपृष्ठ हे प्रदर्शनातील चित्राच्या तुलनेत दुय्यम काम मानले जाई. दलालांनी साहित्यकृतीचा आशय ओळखून रेषा, रंग, मोकळी जागा आणि शीर्षकाची अक्षरे यांची एकसंध रचना साधली. ठशांच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा लागत असल्यामुळे मुखपृष्ठकाराला मोजक्या रंगांतच परिणाम साधावा लागे. पुस्तकागणिक त्यांची शैली बदले : कधी वास्तवदर्शी व्यक्तिचित्र, कधी लघुचित्रांचे स्मरण करून देणारी लयदार रेषा, तर कधी केवळ सपाट आकार.

ग्रंथालयांत पुस्तकांची पुन्हा बांधणी होताना मूळ मुखपृष्ठे बहुधा काढून टाकली जातात. घराघरांत पोहोचलेली त्यांची ही कला वाचकांनी जपलेल्या जुन्या प्रतींवर पाहावयास मिळते.