डनलॉपची दोन चाकं

गेल्या पावसाळ्यात घाटकोपरला हायवेवर ब्रेक मारताच बाबांची गाडी घसरली. लगेच नवे टायर बघायला निघालो. एक ओल्या रस्त्यावर पकड देणारा, दुसरा जास्त टिकणारा. कुठला घ्यायचा? अशीच तुलना जॉन बॉइड डनलॉपने केली होती. हा काही इंजिनिअर नव्हे, बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर! मुलाच्या तीनचाकीला फार हादरे बसायचे, म्हणून १८८७ साली त्याने हवा भरलेली रबरी नळी चाकाला बसवली आणि अंगणात जुनं-नवं दोन्ही ढकलून पाहिलं. जुनं लवकर आडवं झालं; हवेचं थेट फाटकाला धडकलं. (ना लॅब, ना जर्नल!) १८८८ ला पेटंट मिळालं, पण थॉमसनचं १८४५ चं पेटंट निघालं आणि याचं रद्द ठरलं. १९२१ साली तो वारला, नाव टायरवर राहिलं. आम्ही पकडवाले घेतले; बाबा अजून किंमत ऐकवतात.