सुश्रुत
सुश्रुत हे प्राचीन भारतीय शल्यचिकित्सक व सुश्रुतसंहितेचे कर्ते मानले जातात. त्यांचा काळ सामान्यतः इ.स.पू. ६ व्या शतकाच्या सुमारास धरला जात असला, तरी त्याविषयी एकमत नाही. संहितेनुसार ते विश्वामित्रांचे पुत्र होत. काशिराज दिवोदास धन्वंतरींकडे ते शल्यतंत्र शिकले.

पुष्कळ शास्त्र ऐकूनही सराव न केलेला वैद्य शस्त्रकर्मास अपात्र होय, असे सूत्रस्थानाच्या ९ व्या अध्यायात सांगितले आहे. यासाठी शिष्याने छेदन कोहळ्यावर, सीवन कापडावर, पट्टबंधन कापडी पुतळ्यावर, तर कर्णपाळी सांधणे मऊ मांसावर व कमळाच्या देठांवर शिकावयाचे असे. गालाचे सजीव मांस मुळाशी जोडलेले ठेवून कर्णपाळी घडविण्याचा आणि पानाच्या मापाने गालाची त्वचा घेऊन तुटलेले नाक सांधण्याचा विधी १६ व्या अध्यायात येतो. शिकाऊ हाताची चूक रुग्णाच्या चेहऱ्यावर उमटू नये, हा या शिक्षणक्रमाचा गाभा होय.