फादर नहेम्या गोरे : शंका घेत वाचणारा भक्त



आपल्या मांजरी स्टेशनवर दौंडकडे जाणारी गाडी पकडली की लोणी, उरुळी, यवत ही स्टेशने मागे टाकत आपण केडगावला पोहोचतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे ते गाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपल्यापैकी काहींनी ते पाहिलेही असेल. परंतु रमाबाईंच्या मनातील धर्मविषयक प्रश्नांना ज्यांनी धीराने उत्तरे दिली, त्या फादर नीळकंठ नहेम्या गोरे यांचे नाव आज आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही. ते कॅथलिक नव्हते, अँग्लिकन धर्मगुरू होते. तरीही श्रद्धेविषयीचे पुस्तक कसे वाचावे, हे शिकायचे असेल तर त्यांच्या चरित्राइतका चांगला धडा आपल्याला क्वचितच सापडेल. म्हणून या रविवारी आपण त्यांची ओळख करून घेऊ या.

नीळकंठ गोरे यांचा जन्म १८२५ साली बुंदेलखंडात झाशीजवळ काशीपुरा येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, चित्पावन ब्राह्मणांचे. बालपण मात्र काशीत गेले. संस्कृत व्याकरण आणि न्यायशास्त्र यांचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि अगदी तरुण वयातच ते शास्त्री म्हणून ओळखले जाऊ लागले.

त्या काळी जॉन म्यूर नावाचे एक स्कॉटिश अधिकारी कंपनी सरकारच्या नोकरीत होते. त्यांना संस्कृतची मोठी गोडी होती. १८३९ साली त्यांनी 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ संस्कृतात लिहिला. खरा धर्म कसा ओळखावा, याच्या कसोट्या सांगून त्यांनी ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. पंडितांच्या भाषेत पंडितांना दिलेले ते आव्हान होते. काही पंडितांनी त्याला उत्तरे लिहिली. त्यांतले सर्वांत सखोल उत्तर नीळकंठशास्त्र्यांचे मानले जाते. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हे त्या ग्रंथाचे नाव. १८४४-४५ च्या सुमारास तो लिहिला गेला तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस वर्षांचे होते.

म्हणजे पाहा, ख्रिस्ती ईशज्ञानाशी त्यांचा पहिला संबंध आला तो एका पुस्तकाचा परीक्षक म्हणून, तोही विरोधी परीक्षक! त्यांचे आक्षेपही वरवरचे नव्हते. माणसाला एकच जन्म असेल तर एक जण जन्मतःच आंधळा आणि दुसरा धडधाकट, असे का? थोड्या वर्षांच्या पापासाठी अनंतकाळची शिक्षा न्याय्य कशी? ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही, त्यांचे काय? आज कॉलेजात जाणारी आपली मुले किंवा कंपनीतले सहकारी आपल्याला हेच विचारतात. आणि खरे सांगायचे तर अशा वेळी आपण बहुधा विषय बदलतो.

जुन्या शास्त्र्यांची वादाची एक रीत होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग उत्तरपक्ष. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचे म्हणणे. ते त्याला मान्य होईल अशा रीतीने, त्याच्या सगळ्या बळानिशी मांडायचे आणि मगच आपले उत्तर द्यायचे. आपल्या ख्रिस्तसभेलाही ही रीत परकी नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिका' हा महान ग्रंथ लिहिला. त्यातील प्रत्येक विवेचनाच्या आरंभी त्यांनी विरोधी आक्षेप मांडले आहेत आणि मगच आपले मत सांगून एकेका आक्षेपाचे उत्तर दिले आहे. काशीचे शास्त्री आणि युरोपातले संत, दोघेही एकच शिस्त पाळत होते.

याच शिस्तीने नीळकंठशास्त्र्यांच्या आयुष्याला वळण दिले. काशीत चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ प्रवचने करीत. त्यांना निरुत्तर करावे, या हेतूने शास्त्रीबुवा त्यांच्याकडे गेले. स्मिथ यांनी वाद वाढवला नाही, तर बायबल वाचण्याचा सल्ला दिला. खंडन करायचे तर मूळ ग्रंथ नीट वाचलाच पाहिजे, म्हणून शास्त्रीबुवा वाचू लागले. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. चुका शोधायला उघडलेले पुस्तक आता त्यांच्याच अंतःकरणाची परीक्षा घेऊ लागले.

पुढे जे घडले ते सोपे नव्हते आणि झटपटही नव्हते. वाचन, शंका, पुन्हा वाचन असा काही वर्षांचा झगडा झाला. घरच्यांचा विरोध तीव्र होता. अखेर १४ मार्च १८४८ रोजी काशीपासून दूर जौनपूर येथे त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला आणि नहेम्या हे नाव घेतले. आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याजवळ आल्या, परंतु १८५३ साली मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्या देवाघरी गेल्या. एलन लक्ष्मी ही ती मुलगी युरोपियन कुटुंबांत वाढली आणि पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून प्रसिद्ध झाली. वाचलेले खरे मानायचे तर किंमत मोजावी लागते, हे नहेम्यांनी असे अनुभवले.

१८५४ साली पंजाबचे महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले. ख्रिस्ती राष्ट्रात सगळे ख्रिस्ताप्रमाणे वागत असतील, अशी त्यांची भाबडी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाहिले ते वेगळेच. त्यांची ही खिन्नता जर्मन विद्वान मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. पुस्तकातला ख्रिस्त आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे जगणे यांतील अंतर पाहून नहेम्या व्यथित झाले, पण त्यांनी ख्रिस्ताला सोडले नाही. आपल्याकडे पाहूनही कोणी असेच खिन्न होत असेल काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

भारतात परतल्यावर त्यांनी हिंदू दर्शनांचे परीक्षण करणारा 'षड्दर्शन दर्पण' हा ग्रंथ हिंदीत लिहिला. तो १८६० साली प्रसिद्ध झाला आणि १८६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्यातील टीका कठोर आहे. इतर धर्मांतील सत्य आणि पवित्र गोष्टींचा आदर करण्यास शिकवणारा व्हॅटिकन परिषदेचा १९६५ सालचा दस्तऐवज आज आपल्यापुढे आहे. त्यामुळे आपण तीच भाषा वापरणार नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या परंपरेवर त्यांनी टीका केली तिचे ऋणही त्यांनी मान्य केले. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा यांची शिकवण गीता-भागवतातून मिळाल्यामुळेच हिंदूंची मने ख्रिस्ताचा उपदेश समजण्यास तयार झाली आहेत, असे त्यांचे मत होते. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्यातले चांगले सांगायला मोठे मन लागते.

१८६८ साली ते डीकन झाले आणि १८७० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८७६ साली ते काउली फादर्सच्या संस्थेत नवशिष्य म्हणून दाखल झाले. या संस्थेचे काम पुण्यात पंच हौद मिशनमध्ये चाले. १८९० साली ज्या चहापानावरून पुण्यात मोठे ग्रामण्य माजले, ते याच मिशनमधले. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित मंडळींपुढे फादर गोरे यांनी व्याख्याने दिली. एकेश्वरवादी ब्राह्मो मत आणि ख्रिस्ती श्रद्धा यांत फरक काय, हे ते शास्त्रीय काटेकोरपणे समजावून सांगत.

पंडिता रमाबाई या त्यांच्याच जातीच्या वाचक होत्या. कोणी सांगितले म्हणून मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी स्नानसंस्कार घेतला, पण त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयीचे त्यांचे प्रश्न तेवढ्याने संपले नाहीत. वाँटेजच्या सिस्टर्सशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. फादर गोरे मात्र त्यांच्या प्रश्नांनी रागावले नाहीत. ते लिहीत राहिले, समजावत राहिले. ब्राह्मो मतापासून आपले मन वळवण्याचे सामर्थ्य फादर गोरे यांच्यावाचून कोणातच नव्हते, अशा अर्थाची कृतज्ञ नोंद रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत केली आहे. शंकेखोर माणसाला शंकेखोर माणूसच समजू शकला! कारण फादर गोरे यांच्या स्वतःच्या मनातही अधूनमधून शंका उठतच राहिल्या. त्यांनी त्या दडपल्या नाहीत. प्रार्थना केली, पुन्हा ग्रंथ उघडला आणि सेवा चालू ठेवली. १८९५ साली मुंबईत त्यांनी देह ठेवला.

बंधुभगिनींनो, हे चरित्र वाचताना आम्हाला स्वतःचीच लाज वाटली. आपल्याला पटेल तेवढेच आपण वाचतो आणि न पटणारे पहिल्या पानावरच मिटून ठेवतो. एके काळी ख्रिस्तसभेची निषिद्ध ग्रंथांची यादी होती. १९६६ साली तिचा अंमल संपला. आता बंदी नाही, आहे तो केवळ आळस. आपल्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राला शेजारी असलेल्या आपल्याला माती आणि पान तपासण्याचे महत्त्व सांगायला नको. तपासणीने वेल मरत नाही, तिला काय कमी पडते ते कळते. श्रद्धेचेही तसेच आहे.

म्हणून आमची एक छोटीशी विनंती आहे. महिन्यातून श्रद्धेविषयीचे एक तरी पुस्तक वाचा. जवळ एक साधी वही ठेवा. पहिल्या पानावर लेखकाचे म्हणणे प्रामाणिकपणे लिहा. दुसऱ्या पानावर आपल्याला न पटलेले लिहा. तिसऱ्यावर, त्या पुस्तकाने आपल्याला काय विचारले ते लिहा. ही तिसरी बाजू कोरी राहू देऊ नका. आणि घरातल्या मुलाने अवघड प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. वही घेऊन त्याच्या शेजारी बसा. एका वीस वर्षांच्या शास्त्र्याला असेच कोणीतरी वाद न वाढवता पुस्तक वाचायला सांगितले होते.

फादर गोरे यांना लाभलेला सत्याचा ध्यास आणि मनाचा नम्रपणा प्रभू येशू आपणा सर्वांना देवो, हीच प्रार्थना.