फामागुस्ता आणि एकवीस वर्षांचे आयुष्य

क्रांती चौकातून जाताना मला १८५७ चे घोडेस्वार आठवतात. आमच्या शहराच्या छावणीतील घोडदळाने तेव्हा बंड केले आणि इथल्या काळ्या चबुतऱ्यावर बंडवाल्यांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांच्यापैकी किती जणांची नावे आज आपण सांगू शकू?

पुढे घोडे गेले, रणगाडे आले. येथून शे-सव्वाशे किलोमीटरवर, १९९४ पासून रणगाडा संग्रहालय असलेल्या अहिल्यानगरात, चिलखती दलाच्या केंद्रात एक सेंच्युरियन रणगाडा दुरुस्त करून जतन केला आहे. सायप्रसमधल्या बंदरावरून त्याचे नाव 'फामागुस्ता'. तो अरुण खेत्रपाल यांचा.

अरुण यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, पुण्यातला. सनावरला शाळा, खडकवासल्याला प्रबोधिनी आणि जून १९७१ मध्ये पूना हॉर्स या जुन्या घोडदळ रेजिमेंटमध्ये अधिकारी. सहा महिन्यांतच युद्ध पेटले. १६ डिसेंबरला बसंतर नदीच्या परिसरात, जरपालजवळ शत्रूचे रणगाडे चालून आले. फामागुस्ताला आग लागली. रणगाडा सोडण्याचा हुकूम आला. पण तोफ अजून चालत होती, म्हणून अरुण हटले नाहीत. तेथेच त्यांना वीरमरण आले. वय अवघे एकवीस. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

जुनी लष्करी जीप हौसेने उभी करणाऱ्यांना म्हणूनच माझे एवढे सांगणे आहे. सुटे भाग शोधताना ती कोणत्या तुकडीत होती, कोणी चालवली, हेही शोधा आणि लिहून ठेवा. रंग पुन्हा देता येतो. पुसलेले नाव सहसा परत मिळत नाही.