खोडदच्या दुर्बिणीचा डेटा घरच्या विंडोज लॅपटॉपवर हाताळता येतो, त्यामागं आहे ॲलन ट्युरिंग यांची १९३६ सालची आयडिया

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, हे जुन्नर-आंबेगावच्या शाळकरी पोरांनाही माहिती असतं. ४५ मीटर व्यासाच्या तब्बल ३० डिश. तिचा डेटा ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुला होतो.

पण अडचण अशी की, तो हाताळायला वापरलं जाणारं ‘कासा’ हे सॉफ्टवेअर लिनक्स आणि मॅकसाठी बनलंय आणि घरच्या लॅपटॉपवर असतं विंडोज.

यावर उपाय म्हणजे विंडोजच्याच आत लिनक्सचा एक आभासी कॉम्प्युटर उभा करायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कासा त्यात चालतं आणि आपण खऱ्या कॉम्प्युटरवर नाही, हे त्याला कळतही नाही.

एक मशीन दुसऱ्या मशीनची हुबेहूब नक्कल करू शकतं, हे सिद्ध केलं ॲलन ट्युरिंग यांनी. तेही आजच्यासारखा एकही कॉम्प्युटर जगात नसताना.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनमधला. वडील मद्रास इलाख्यात सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते, तर आईचे वडील मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनिअर. आईवडील भारतात असल्यानं ॲलन आणि त्यांचे भाऊ इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुटुंबाकडं वाढले.

पुढं केंब्रिजला गणित शिकताना त्यांना एका प्रश्नानं पछाडलं. गणितातलं कुठलंही विधान सिद्ध होतं की नाही, हे ठरवणारी एकच ठरलेली पद्धत असू शकते का?

उत्तर शोधताना त्यांनी मनातल्या मनात एक मशीन तयार केलं. एक लांबच लांब पट्टी, त्यावर चौकोन. मशीन एका वेळी एक चौकोन वाचणार, खूण लिहिणार किंवा पुसणार आणि पुढं-मागं सरकणार. कसं वागायचं, याचे नियम आधीच ठरलेले.

खरी गंमत इथून पुढं आहे. ट्युरिंग यांच्या लक्षात आलं की, हे नियमसुद्धा पट्टीवर लिहिता येतात. मग दुसरं मशीन ते वाचून पहिल्यासारखंच वागू शकतं. म्हणजे प्रत्येक कामाला वेगळं मशीन नको, सगळ्यांची नक्कल करणारं एकच पुरे.

मूळ प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं निघालं. पण १९३६ च्या त्या पेपरमुळं जगाला ‘युनिव्हर्सल मशीन’ मिळालं. मोबाईलवर जुना व्हिडिओ गेम चालवणारा एम्युलेटर नेमकं हेच करतो. जुन्या मशीनचे नियम वाचून तसाच वागतो. अर्थात नक्कल शक्य आहे म्हणजे ती वेगवान असेलच असं नाही. म्हणून असे गेम कधीकधी अडखळतात.

दुसऱ्या महायुद्धात ट्युरिंग यांनी ब्लेचली पार्कला जर्मनीच्या एनिग्मा मशीनचे गुप्त संदेश फोडायला मोठा हातभार लावला. पण हे काम कित्येक वर्षं गुपितच राहिलं. युद्धानंतर त्यांनी ‘एसीई’ या कॉम्प्युटरचा आराखडा केला आणि १९४८ मध्ये ते मँचेस्टरला गेले.

१९५२ मध्ये घरात चोरी झाली म्हणून ते पोलिसांकडं गेले. तपासात त्यांचे एका पुरुषाशी संबंध असल्याचं समोर आलं. तेव्हा ब्रिटनमध्ये तो गुन्हा होता. तुरुंग टाळायचा तर हार्मोनचे उपचार घ्यायचे, अशी अट पडली. त्यांनी उपचार घेतले. सरकारच्या गुप्त कामाचे दरवाजेही बंद झाले.

७ जून १९५४ ला सायनाइडमुळं त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. वय होतं फक्त ४१.

ब्रिटन सरकारनं माफी मागितली ती २००९ मध्ये. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर शाही माफी मिळाली आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचा फोटो आला. ब्रिटिशांनीच भारतात आणलेल्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध वगळले गेले, ते २०१८ मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या निकालानं.