तेहतिसाव्या वर्षी वर्गात बसलेला विद्यार्थी : संत इग्नेशियस लोयोला

युरोपच्या इतिहासाच्या पुस्तकात इग्नेशियस लोयोला हे नाव आपल्याला भेटते ते धर्मसुधारणेच्या प्रकरणाच्या अगदी शेवटी. मार्टिन ल्यूथरच्या बंडानंतर कॅथलिक पंथ सावरला, त्या सावरण्यात जेझुइट संघाचा मोठा वाटा होता आणि त्या संघाचे हे संस्थापक, एवढे वाचून आपण पान उलटतो. परीक्षेला तेवढे पुरते. मलाही तेवढेच ठाऊक होते. पुढे ग्रंथालयात त्यांच्याविषयी थोडे अधिक वाचले तेव्हा एका गोष्टीचे नवल वाटले. हा मनुष्य जन्माने ख्रिस्ती, पण वयाच्या तिशीपर्यंत आपला धर्म काय आहे याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. जे शिकला ते सारे मोठेपणी शिकला. ती हकिगत सांगण्यासाठी हा लेख आहे.

स्पेनच्या उत्तरेस बास्क लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे आस्पेइतिया गावाजवळ लोयोला घराण्याची गढी होती. त्या गढीत १४९१ मध्ये इनिगोचा जन्म झाला. इग्नेशियस हे नाव त्याने पुष्कळ पुढे घेतले. तेरा भावंडांत तो शेंडेफळ. आई लवकर गेली; एका लोहाराच्या बायकोने त्याला अंगावर पाजले. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याला कास्तीलच्या खजिनदाराच्या वाड्यावर धाडण्यात आले. तेथे तो घोड्यावर बसणे, तलवार चालवणे, जुगार आणि दरबारी रीतिरिवाज शिकला. अक्षर सुंदर होते, मिजास त्याहून मोठी. १५१५ च्या कार्निव्हलात गावी केलेल्या कुठल्याशा दांडगाईबद्दल त्याच्यावर खटलाही झाला. प्रार्थना म्हणत असे, उपास पाळत असे. पण आपण दिवाळीला नवे कपडे घालतो तसा हा धर्म होता. घरात होता म्हणून होता.

२० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांनी तोफा डागल्या. किल्ला टिकणार नाही हे उघड दिसत होते, तरी इनिगोने हट्ट धरून लढाई चालू ठेवायला लावली. तोफेचा गोळा आला आणि त्याचा उजवा पाय मोडून गेला, डावाही जखमी झाला. तो पडला तसा किल्लाही पडला. फ्रेंचांनी मात्र त्याला चांगले वागवले आणि डोलीत घालून घरी पोचते केले. घरी वैद्यांनी पाहिले तर हाड वाकडे बसलेले. पुन्हा मोडून पुन्हा बसवले. तरी गुडघ्याखाली हाडाचे टोक पुढे आलेले राहिले. घट्ट चामडी बूट घातले की ते दिसेल, म्हणून त्याने ते करवतीने कापून घ्यायला लावले! भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. एवढा सोस करूनही पाय आखूड राहिला तो राहिलाच. पुढे जन्मभर ते लंगडत चालले.

बिछान्यावर पडल्या पडल्या वेळ जाईना. त्याने शूर सरदारांच्या आणि त्यांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या वाचण्याची त्याला फार आवड. पण गढीत तसले एकही पुस्तक निघाले नाही. निघाली ती दोन : सॅक्सनीच्या लुडोल्फ नावाच्या साधूने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचा एक संग्रह. दोन्ही स्पॅनिश भाषांतरात होती, म्हणून त्याला कळली. लॅटिनमध्ये असती तर उशाशी पडून राहिली असती. त्या घरात कादंबऱ्यांचे एखादे कपाट असते तर पुढे काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

लुडोल्फची एक रीत होती. येशूच्या चरित्रातला प्रसंग नुसता वाचू नका, आपण तेथे हजर आहोत असे समजून पाहा, असे तो वाचकाला सांगे. इनिगोने तसे करून पाहिले. मधूनच तो जुन्या स्वप्नांत जाई. एका उच्च कुळातल्या स्त्रीची सेवा करण्याचे मनोरे रचण्यात त्याचे तीन-तीन तास जात. मग पुन्हा पुस्तक हाती घेई आणि संत फ्रान्सिसने जे केले ते मी का करू नये, असे वाटू लागे. आनंद दोन्हीत होता. फरक होता तो नंतर. स्त्रीचे स्वप्न सरले की मन कोरडे आणि उदास होई. दुसऱ्या विचारानंतरचा आनंद टिकून राही. हे त्याच्या एके दिवशी ध्यानात आले. त्यांचे पुढचे सारे तत्त्वज्ञान या लहानशा निरीक्षणावर उभे आहे. ते कोणा शास्त्र्याने शिकवलेले नव्हते. पाय मोडून पडलेल्या एका शिपायाने स्वतःच्या मनावर नजर ठेवून ते शोधले होते.

मग त्याने एक वही केली. दोन्ही पुस्तकांतले निवडक उतारे तो आपल्या सुंदर अक्षरात उतरवून काढू लागला. येशूचे शब्द तांबड्या शाईने, मरीयेचे निळ्या शाईने. जवळजवळ तीनशे पाने भरली. परीक्षेच्या आधी आपण टिपणे काढतो, रंगीत पेनने रेघा ओढतो, तशातलाच हा प्रकार; मात्र याला परीक्षा नव्हती.

वाचले म्हणजे मनुष्य शहाणा झाला असे मात्र नाही. १५२२ मध्ये तो खेचरावर बसून मोंसेरात येथील मरीयेच्या तीर्थाला निघाला. वाटेत एक मुसलमान प्रवासी भेटला. बोलता बोलता मरीयेच्या कौमार्यावरून वाद झाला आणि तो प्रवासी पुढे निघून गेला. इनिगो मागे राहून विचार करू लागला की देवमातेचा अपमान केल्याबद्दल याला गाठून खंजीर खुपसावा काय! निर्णय होईना, तेव्हा त्याने फाट्यावर खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर त्या प्रवाशाच्या वाटेने गेले तर त्याला मारायचे, दुसऱ्या वाटेने गेले तर सोडायचे. खेचर दुसऱ्या वाटेने गेले. ही गोष्ट त्यांनी म्हातारपणी स्वतःच सांगितली आहे. तेव्हा आपले मन किती आंधळे होते हे दाखवण्यासाठी सांगितली आहे. श्रद्धा होती, पण तिला अजून शिकवण नव्हती.

मोंसेरातला त्याने तीन दिवस बसून साऱ्या आयुष्यातील पापे लिहून काढली आणि ती धर्मगुरूजवळ कबूल केली. उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, तलवार नि खंजीर मरीयेच्या काळ्या मूर्तीपाशी ठेवले आणि २४ मार्चची सारी रात्र तेथे उभ्याने व गुडघ्यांवर काढली. तेथून जवळच्या मानरेसा गावी थोडे दिवस राहू म्हणून गेला तो जवळजवळ अकरा महिने राहिला. केस विंचरायचे नाहीत, नखे कापायची नाहीत, भीक मागून खायचे आणि सात-सात तास प्रार्थना. एवढे करूनही पापे नीट सांगितली गेली नाहीत ही शंका मनाला कुरतडू लागली. जीव द्यावा असेही वाटून गेले. एक आठवडाभर त्याने अन्नपाणी वर्ज्य केले. अखेर धर्मगुरूने हुकूम देऊन खायला लावले. हळूहळू त्याला उमगले की ही शंका देवाकडून आलेली नाही, कारण तिच्यामागून येतो तो नुसता कोरडेपणा. लोयोलाच्या बिछान्यावर शिकलेला धडा येथे कामी आला. पुढे त्यांनी सांगितले की शाळामास्तर पोराला शिकवतो तसे देवाने मला त्या गावी शिकवले.

तेथे स्वतःवर जे प्रयोग केले त्यांची टिपणे म्हणजेच त्यांचे प्रसिद्ध पुस्तक 'आध्यात्मिक व्यायाम'. व्यायाम हा शब्द त्यांचाच. चालणे-धावणे हा शरीराचा व्यायाम, तसा हा मनाचा. ते पुस्तक वाचायचे नसून करायचे आहे. सुमारे तीस दिवस घरदार सोडून एकांतात राहायचे. ख्रिस्ती मंडळी ज्याला रिट्रीट म्हणतात तो हा एकांतवास. त्याचे चार आठवडे केले आहेत : पहिल्यात स्वतःची पापे, दुसऱ्यात येशूचे जीवन, तिसऱ्यात त्याचे दुःखसहन आणि चौथ्यात पुनरुत्थान.

यातले मला सर्वांत विलक्षण वाटले ते प्रसंग डोळ्यांसमोर उभा करणे. येशूजन्माचे मनन करायचे असेल तर आधी नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता पाहायचा. तो किती लांब, किती रुंद, सपाटीवरून जातो की दऱ्याखोऱ्यांतून? मग ती गुहा. छत उंच की ठेंगणे? आत काय काय ठेवले आहे? आणि त्या गुहेत आपण एक गरीब चाकर म्हणून उभे राहायचे, काही हवे-नको पाहायचे, कोण काय बोलते ते ऐकायचे. म्हणजे प्रत्येकाने मनातल्या मनात चित्रकार व्हायचे! शिकवणाऱ्याला मात्र सक्त सूचना आहे : गोष्ट थोडक्यात सांग आणि गप्प बस, कारण मनुष्याला जे स्वतः सापडते त्याची गोडी निराळी असते. त्याने तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे, कोणालाही आपल्या बाजूला ओढू नये. ज्याला संसार, नोकरी आहे त्याने घरीच रोज दीड तास काढावा. अशिक्षिताला झेपेल तेवढेच द्यावे. सर्वांना एकच माप लावलेले नाही.

१५२३ मध्ये तो यरुशलेमला गेला. तेथेच कायमचे राहायचे होते, पण तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी परवानगी दिली नाही. निघण्यापूर्वी तो एकटाच गुपचूप ऑलिव्ह डोंगरावर गेला. येशू स्वर्गात गेला तेव्हा उमटलेली म्हणून जी पावले तेथील दगडावर दाखवतात ती पाहण्यासाठी त्याने पहारेकऱ्यांना आपला चाकू दिला. परत निघाल्यावर आठवले की उजवे पाऊल कोणत्या दिशेला आणि डावे कोणत्या, हे नीट पाहिलेच नाही. पुन्हा वर गेला आणि या वेळी कात्री दिली. कोणाला हा वेडेपणा वाटेल. मला वाटते, ज्याला चित्र पुरे करायचे आहे त्याचीच ही तगमग असते.

लोकांना काही सांगायचे तर आधी आपण शिकले पाहिजे, हे आता त्याला पटले. १५२४ मध्ये बार्सिलोना येथे, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो लहान मुलांच्या रांगेत लॅटिन शिकायला बसला. इथपर्यंत मी त्याला 'तो' म्हणत आलो. येथून पुढे 'ते' म्हणावेसे वाटते. तलवार ठेवण्यापेक्षा हे अवघड असावे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझे वडील अजून माझ्या पुस्तकाला हात लावायला संकोचतात, आता या वयात काय, म्हणतात. तो संकोच किती जड असतो हे मी जवळून पाहिले आहे. इग्नेशियसना आणखी एक अडचण आली. आपण संस्कृतच्या तासाला 'रामः रामौ रामाः' घोकतो, तशी क्रियापदांची रूपे घोकायला बसले की मनात भक्तीचे उमाळे येत आणि पाठ राहून जाई. प्रार्थनेला बसल्यावर येत नाहीत ते नेमके येथेच का येतात? हाही मोहच, असे त्यांनी ठरवले. गुरुजींना गाठून त्यांनी वचन दिले की भाकर आणि पाणी मिळते आहे तोवर दोन वर्षे तुमचा एकही धडा चुकवणार नाही.

पुढे आल्काला विद्यापीठात शिकता शिकता ते बायाबापड्यांना आणि विद्यार्थ्यांना हे व्यायाम शिकवू लागले. पदवी नसलेला हा मनुष्य धर्म शिकवतो म्हणजे काय? इन्क्विझिशनची चौकशी आली. स्थानिक धर्माधिकाऱ्याने त्यांना बेचाळीस दिवस तुरुंगात ठेवले. सालामांकात पुन्हा बावीस दिवस. त्यांच्या टिपणांत चूक निघाली नाही, पण आणखी शिकल्याशिवाय अमुक विषयावर बोलायचे नाही अशी बंदी मात्र आली. मग ते पायी पॅरिसला गेले. २ फेब्रुवारी १५२८ ला पोचले आणि लॅटिनचा पाया कच्चा म्हणून पुन्हा पोरांच्या वर्गात बसले! जवळचे पैसे एका देशबंधूकडे ठेवायला दिले होते, त्याने ते उडवले. धर्मशाळेत राहून भीक मागायची वेळ आली. पुढे तोच गृहस्थ रुआँ येथे आजारी पडल्याचे कळले, तेव्हा त्याच्या मदतीला हे अनवाणी चालत गेले.

सेंट बार्ब कॉलेजात त्यांच्या खोलीत दोघे तरुण होते, दोघेही त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान : पीटर फेव्हर आणि फ्रान्सिस झेवियर. फेव्हर त्यांना ॲरिस्टॉटल समजावून देई, आणि हे फेव्हरला मन ओळखायला शिकवीत. झेवियर मात्र लवकर वळला नाही. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात मित्रांनी मोंमार्त्रच्या टेकडीवर व्रत घेतले. १५३५ मध्ये वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी इग्नेशियस एम.ए. झाले. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी त्यांच्या संघाला मान्यता दिली.

झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला, ती कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे. ज्या इन्क्विझिशनच्या चौकशीला गुरूंनी तोंड दिले, तीच गोव्यात आणावी असे पत्र शिष्याने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिले. ती १५६० मध्ये आली आणि गोव्याने ती सोसली. तराजूच्या काट्याची सूचना तेथवर पोचली नाही असेच म्हणावे लागते. त्याच संघाचे फादर स्टीफन्स यांनी पुढे मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ मध्ये ते छापले गेले, हेही खरे. १५५३ मध्ये इग्नेशियसनी झेवियरला परत बोलावणारे पत्र धाडले. झेवियर त्याआधी काही महिने, डिसेंबर १५५२ मध्येच वारला होता.

शेवटची वर्षे रोममध्ये पत्रे लिहिण्यात गेली. जवळजवळ सात हजार पत्रे आज आहेत. १५५१ मध्ये त्यांनी रोममध्ये शाळा उघडली आणि तेथे फी नसल्याचे दारावरच लिहिले. ३१ जुलै १५५६ रोजी पहाटे ते वारले. १६२२ मध्ये ते संत झाले आणि १९२२ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना रिट्रीटचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

शुभवर्तमानातील प्रसंगांची चित्रे मनन करणाऱ्यांसाठी तयार व्हावीत, अशी त्यांची इच्छा होती. त्यांचे सहकारी नादाल यांनी ते काम हाती घेतले. १५९३ मध्ये अँटवर्पला एकशे त्रेपन्न चित्रांचे पुस्तक निघाले. चित्रातल्या प्रत्येक जागेवर अ, ब, क अशा अक्षरांच्या खुणा आणि खाली त्यांचा खुलासा. पुढे ते चीनपर्यंत गेले. तांबड्या-निळ्या शाईची ती तीनशे पानांची वही मात्र कोठेही राहिलेली नाही.