माळावरचा कारखाना : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुणे-मिरज लोहमार्गावर सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी हे स्थानक आहे. १९१० पूर्वी या नावाचे गावच नव्हते. तत्कालीन औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळ निवडुंगाने व्यापलेला, सापांचा वावर असलेला ३२ एकरांचा ओसाड माळ तेवढा होता. या माळावर यंत्रांचा कारखाना उभारण्याचे धाडस लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनी केले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांना ओळखता येत नसल्याचे आढळले. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत अध्यापक झाले. याच काळात ते मुंबईहून सायकली पाठवीत व बेळगावात बंधू रामुअण्णा त्या विकत. पुढे बढती डावलली गेल्याने त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र, तसेच लोखंडी नांगर बनवण्यास प्रारंभ केला.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर विकले जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. त्यातच शहराच्या विस्तारासाठी नगरपालिकेला जागा हवी असल्याने कारखाना हलवणे भाग पडले. उभी केलेली घडी मोडून पुन्हा आरंभ करायचा, तोही वयाच्या चाळिशीत!

अशा वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्याला आले. त्यांनी हा माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. सुमारे २५ कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे आले. ओतकाम सुरू करण्याआधी निवडुंग तोडणे आणि राहण्याची सोय करणे आवश्यक होते. कारखान्याबरोबर गावही वसवावे लागले. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपवली. त्या काळात हा निर्णय नांगर विकण्याइतकाच अवघड असावा.

पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर करण्यात आले. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप तयार होऊ लागले. म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे १९४१ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्करांच्या कंपनीने यंत्रे बनवणारी यंत्रेही तयार केली.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात आता प्रामुख्याने पंप तयार होतात.